म्यूझस्कोर 4 या नोटेशन (स्वरलिपी) लिहायच्या सॉफ्टवेअरवर बाबांसाठी बँडचा पीस लिहिला, त्या सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू

फुकट आहे का, हा पहिला प्रश्न असतो म्हणून आधी तेच सांगतो. हो, पूर्ण फुकट, ट्रायल-बियल काही नाही, ओपन सोर्स आहे. याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर फिनाले बंद होणार हे 2024 च्या ऑगस्टमध्येच जाहीर झालं, आणि एकाच पीससाठी तिसऱ्या, म्हणजे सिबेलियसला पैसे मोजायची आपली तयारी नव्हती.

बाबा पोलीस बँडमध्ये युफोनियम (छोट्या ट्यूबासारखं पितळी फुंकवाद्य) वाजवायचे. वर्षश्राद्धाला त्यांच्या जुन्या मंडळींनी मिळून वाजवावं असं काहीतरी लिहायचं होतं. असं लोक करतात बरं का, फ्रँक टिकेली या अमेरिकन संगीतकाराचं बँडसाठीचं 'अमेझिंग ग्रेस' जॉन व्हिटवेल यांनी आपल्या वडिलांच्या आठवणीत लिहून घेतलं होतं, 1994 मध्ये पहिल्यांदा वाजलं. ते नुसतं ऐकलं तरी कळतं की रडवायला ढोल बडवावे लागत नाहीत.

तर सॉफ्टवेअर. कॉन्सर्ट बँडचं टेम्प्लेट तयार मिळतं, फ्लूटपासून ट्यूबापर्यंत सगळे ओळीत. आपल्याकडे ओबो, बासून ही वाद्यं वाजवणारे कोण आणणार, ते उडवायचे आणि पुढे जायचं. मला सगळ्यात आवडलं ते कॉन्सर्ट पिचचं बटण. बँडमधल्या बऱ्याच वाद्यांच्या कागदावरचा सूर आणि प्रत्यक्ष वाजणारा सूर वेगळा असतो, त्यासाठी ते. ते चालू ठेवून सगळं खऱ्या सुरात लिहा, मग बंद केलं की क्लॅरिनेट एक सूर वर, आल्टो सॅक्सचं त्याचं वेगळं, हॉर्नचं त्याचं, सगळं आपोआप बदलून समोर. बाबा हेच काम हाताने करायचे, वहीत, पेन्सिलीने, रात्री जेवण झाल्यावर. आणि हो, आपल्याकडचे बरेच जुने युफोनियमवाले ट्रेबल क्लेफ (वरच्या सुरांची नोटेशन-खूण) वाचतात, बास क्लेफचा (खालच्या सुरांच्या खुणेचा) कागद दिलात तर तसाच परत येईल, त्यामुळे इन्स्ट्रुमेंट निवडतानाच ट्रेबल क्लेफवालं घ्या.

पीसची सुरुवात मी युफोनियमच्या एकट्या बी फ्लॅट या सुराने केली. बाबा ड्युटीला जायच्या आधी रोज तोच सूर लांब धरून बसायचे, शेजारी वैतागायचे. म्यूझ साउंड्स (म्यूझस्कोरसाठीचे वाद्यांचे आवाज, वेगळे डाउनलोड करावे लागतात, भरपूर जीबी खातात, जुन्या लॅपटॉपवाल्यांनी विचार करून) टाकले की प्लेबॅक इतका गोड येतो की आपण फार मोठे कंपोझर झालो असं वाटायला लागतं. त्यावर जाऊ नका, कुठल्याच सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकवर जाऊ नका. 60 च्या टेंपोला (मिनिटाला 60 ठोके) आठ बारचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) सूर कॉम्प्युटर निवांत धरतो, माणसाचा जीव जातो. बाबांच्या बरोबरचे एक काका म्हणालेच, "अरे, तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या नोटेशनमध्ये श्वास घ्यायला जागाच नसते." म्हणून तोच सूर खाली ट्रॉम्बोनलाही दिला आणि दोघांच्या श्वासाच्या खुणा वेगवेगळ्या बारवर टाकल्या, एक तोडतो तेव्हा दुसरा धरून असतो. बँडवाल्यांना यात नवीन काही नाही, पण स्क्रीनवर लिहिणाऱ्याला हे कोण सांगणार?

पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे कागद, आपोआप वेगळे निघतात, रिकामे बार एकत्र करून आकडा टाकलेला असतो, यासाठी पाचपैकी पाच. फक्त आहे तसे छापू नका, साठी ओलांडलेल्या मंडळींना त्या नोटा दिसत नाहीत. पार्ट उघडून स्टाफ स्पेस (नोटांच्या रेघांमधलं अंतर, त्याने नोटाही मोठ्या होतात) थोडी वाढवा, मेन स्कोअर (सगळ्या वाद्यांचा एकत्र कागद) आहे तसाच राहतो. आणि झेरॉक्सवाल्याला पीडीएफ देताना फिट टू पेज करू नको म्हणून बजावा, नाहीतर तो सगळं परत बारीक करून देईल.