फ्लशला भातसाचं पाणी कशाला? टँकर, बोअरवेल की गच्चीवरचा पाऊस

आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला की लगेच तट पडतात. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, "टँकर मागवा, विषय संपवा." तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीखालीच तो टँकर पहाटे घरघरत उभा राहतो, त्यामुळे त्या म्हणतात, "बोअरवेल मारून घ्या एकदाची." तिसरा तट रेन वॉटर हार्वेस्टिंगवाल्यांचा. मी कमिटीत होते तेव्हा तिन्हींची कोटेशनं माझ्या टेबलावर होती, आणि तिन्ही कागदांवर एकच चूक होती: प्रत्येकाने लिटरचा भाव लावला होता, पण ते पाणी कोणत्या कामाला आणि कोणत्या महिन्यात हवंय ते कुणीच विचारलं नव्हतं.

आधी ते विचारू. माणशी रोज 135 लिटर हा आपल्याकडचा रूढ हिशेब, आणि त्यातले 45 लिटर फ्लशचे धरतात. साठ घरं, घरटी चार माणसं म्हणजे 240 जण. एकूण गरज 32,400 लिटर, त्यातलं 10,800 लिटर नुसतं फ्लशला. टँकर 10,000 लिटरचा असतो. म्हणजे इमारत रोज एक टँकरभर पाणी कमोडमध्ये ओतते, तेही भातसा धरणाहून सुमारे शंभर किलोमीटर आणलेलं, शुद्ध केलेलं, पिण्याचं. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. उरलेला वैतरणेवरची धरणं, तानसा आणि शहरातले विहार-तुळशी मिळून भरतात. शेवटची भर पडली ती 2014 मध्ये, मध्य वैतरणाची. त्यानंतर नवीन धरण नाही. गारगाई धरण (रोज 440 दशलक्ष लिटर) आणि मनोरीचा समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प (सुरुवातीला 200) यांची चर्चा बरीच वर्षं ऐकतोय. ते होतील तेव्हा होतील, सोसायटीचं बजेट त्यांच्या भरवशावर आखू नका.

कोणताही पर्याय निवडण्याआधी एक फुकटातली तपासणी करा. रात्री साडेअकराला, सगळे नळ शांत झाल्यावर, आम्ही तळटाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली. पंप बंद, पालिकेच्या लाइनचा कॉक बंद. पहाटे साडेपाचला टॉर्च मारून पाहिलं तर पाणी रेघेच्या तीन बोटं खाली. टाकी चार मीटर बाय तीन. पाच सेंटिमीटर उतार म्हणजे सहा तासांत 600 लिटर, दिवसाला 2,400. टँकरचा पाव भाग जमिनीत मुरत होता आणि आम्ही वर्षभर "पाणी कमी येतंय" म्हणून पालिकेच्या लाइनचा वॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याच्या मागे लागलो होतो. वरच्या टाकीचा बॉलकॉकही बसत नव्हता, ते पाणी तर गच्चीच्या पाइपातून सरळ गटारात. वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला बोलवायला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

आता टँकर. त्याचा मोठा गुण म्हणजे भांडवल लागत नाही. फोन केला की येतो, नको तेव्हा बंद करता येतो. ज्या सोसायटीला वर्षातून पंधरा-वीस दिवसच अडचण येते तिने बाकी काही करूच नये असं माझं मत आहे. पण दोन गोष्टी विसरू नका. एक म्हणजे खासगी टँकरचं पाणी बऱ्याचदा शहरातल्याच कुणाच्या तरी विहिरीचं किंवा बोअरवेलचं असतं. दोन, ज्या दिवशी तुम्हाला हवा असतो त्या दिवशी तो सगळ्यांनाच हवा असतो. एप्रिल 2025 आठवून पाहा. विहिरींच्या भूजल परवान्यांवरून टँकरवाल्यांनी 10 तारखेपासून संप केला, ऐन उन्हाळ्यात. पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याचं पाऊल उचलावं लागलं, तेव्हा चार-पाच दिवसांत संप मिटला. ज्यांचा फ्लशसुद्धा टँकरवर चालत होता त्यांचे ते दिवस कसे गेले ते त्यांनाच विचारा.

बोअरवेल एकदा खर्चाची, नंतर विजेची. मुंबईखाली बेसॉल्ट आहे. पाणी खडकाच्या भेगांत असतं, त्यामुळे शेजारच्या इमारतीला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही. खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ उपसा वाढला की खारटपणा येतो. अपवाद आहेतच: चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर 1725 ची, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोड. पण अपवादावर साठ घरांचा पैसा लावू नये. एकेकाळी या शहरात विहिरी आणि तलाव भरपूर होते. धोबी तलाव, गोवालिया टँक यांची आता फक्त नावं उरली, आणि कितीतरी विहिरी मलेरियाच्या भीतीने बुजवल्या गेल्या. ती भीती खोटी नव्हती. शहरातला मलेरियाचा डास विहिरीत आणि उघड्या टाकीत पोसतो, म्हणूनच पालिकेची परवानगी घेताना डासांची जाळी-झाकणं हा विषय येतोच.

बोअरवेलचं पाणी पिण्यात आणायचं का? माझं उत्तर सरळसरळ "नाही" असं आहे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत, असं आहे. फ्लशला मात्र ती अट कशाला? फ्लशची वेगळी टाकी आणि वेगळा पाइप असेल तर बोअरवेल तिथेच जोडा. जुन्या इमारतीत एकच पाइप असेल तर नवीन लाइन बाहेरून टाकावी लागते. खर्चाचा खरा आकडा तिथे आहे, खोदाईत नाही. कोटेशन घेताना हे वेगळं लिहून मागा.

पावसाबद्दल मीही आधी नाक मुरडलं होतं. पाणी हवं एप्रिल-मेमध्ये आणि पाऊस पडतो जून ते सप्टेंबर, साठवणार कुठे? मग पाणकपातीच्या तारखा काढून पाहिल्या. 2023 मध्ये दहा टक्के कपात 1 जुलैला सुरू झाली. 2024 मध्ये 30 मेपासून पाच टक्के, 5 जूनपासून दहा, आणि ती उठली जुलैच्या अखेरीस. म्हणजे कपात बऱ्याचदा चालू असते ती शहरात पाऊस सुरू झाल्यावर, धरणक्षेत्रात पुरेसा पडण्याआधी. धरणांच्या बाजूला, शहापूरकडे, ढग चुकतात आणि आपल्या गच्चीवरून पाणी गटारात वाहत असतं. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 500 लिटर. वीस टक्के वाया धरले तरी 25 मिलिमीटरचा एक दिवस म्हणजे 10,000 लिटर, पुरता एक टँकर, म्हणजे इमारतीचा दिवसभराचा फ्लश. अख्ख्या मोसमात मुंबईत सुमारे 2,200 मिलिमीटर पडतो. ते सगळं साठवायला जाऊ नका. जाळी आणि वाळू-खडीची गाळणी लावून जेवढं मावेल तेवढं फ्लशच्या टाकीत, उरलेलं बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्या. कबुतरांनी गच्चीवर काय करून ठेवलंय ते पाहिलं की कारण सांगावं लागत नाही.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरणं हा चौथा पर्याय मोठ्या संकुलांना शोभतो. 20,000 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरीतच तो लागतो. साठ घरांच्या जुन्या इमारतीत यंत्र बसेल, पण ते रोज चालवणारा माणूस टिकणार नाही, आणि वास आला की पहिली तक्रार तळमजल्याची.

तेव्हा माझा क्रम असा. गळती, मग फ्लशची वेगळी लाइन, मग गच्चीचा पाइप, मग बोअरवेल, आणि एप्रिल-मेसाठी टँकरची तरतूद बाजूला. फ्लशची वेगळी लाइन आधीच असेल तर तुम्ही नशीबवान, दुसऱ्या पायरीचा खर्च वाचला. खाडीलगत राहत असाल तर बोअरवेल यादीतून काढा, पाऊस पुढे घ्या.

गच्चीचं काम मेअखेर आटपा. आणि शेजाऱ्याच्या बोअरवेलचा नमुना तपासायला द्यायचा असेल तर तोही मेमध्येच द्या. ऑगस्टमध्ये सगळ्यांचंच पाणी गोड लागतं.