खाऱ्या हवेतला बीडीएसएम बाक आणि क्रॉस: एक पावसाळा काढल्यावर

आम्ही नवरा-बायको रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागूनच राहतो. बीडीएसएम म्हणजे दोघांच्या संमतीने बांधणं, ताबा देणं-घेणं असा प्रणयातला खेळ; हे सामान त्यासाठीचं. गुडघे टेकून ओणवं व्हायचा गादीचा बाक ऑनलाइन मागवला आणि एक्सच्या आकाराचा सागवानी क्रॉस गावातल्या सुताराकडून करून घेतला. दोन्हींनी आता अख्खा पावसाळा काढलाय.

बाक दिसायला झकास, पण इथल्या हवेपुढे त्याचं काही चाललं नाही. श्रावण लागेपर्यंत साध्या लोखंडाचे नटबोल्ट गंजले आणि गादीवरच्या पीयू (पॉलियुरेथेन) लेदरचे पापुद्रे सुटायला लागले. पॉलियुरेथेन दमटपणात असंच विघटित होतं, कितीही पुसा. आता त्यावर पीव्हीसी रेक्झिन चढवलंय; साबणाच्या पाण्याने पुसून पंख्याखाली वाळवलं की झालं. बोल्ट आणि कड्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. ३०४ स्वस्त पडतं, पण किनाऱ्यावर त्यालाही तपकिरी डाग धरतात.

जाहिरातीतल्या 'इतके किलो पेलतो' या आकड्यावर मी जात नाही. तो स्थिर वजनाचा असतो. बांधलेला माणूस हिसडे देतो तेव्हा जोडावर कितीतरी जास्त ताण येतो. म्हणून दर वेळी आधी बोल्ट आवळायचे, मग नवरा त्यावर रेलून, हलवून बघतो.

सुताराला 'व्यायामाचं सामान' म्हणून सांगितलं होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही, पण नुसत्या फेव्हिकॉलवर काम करायला मात्र साफ नकार दिला. मधला जोड दोन्ही लाकडांना खाच पाडून बसवला आणि आरपार बोल्ट मारला. क्रॉस भिंतीला ठोकू नका. इथल्या भिंतीतला जांभा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात प्लग ओढ सहन करत नाही. आमचा रुंद बैठकीवर उभा आहे. कौलारू छपराच्या वाशाला तर काहीच टांगायचं नाही.

आता वापराचं. पट्टे रुंद हवेत, आत दोन बोटं सहज जावीत. हात फार वर ताणले आणि उभ्या-उभ्या चक्कर आली, तर सगळा भार मनगटांवर येतो. म्हणून आमच्या कड्या खांद्याच्या जरा वर, बस्स. मुंग्या आल्या किंवा अंगठा बधिर वाटला की ताबडतोब सोडायचं, 'अजून दोन मिनिटं' नाही. नस दाबली गेली तर मनगट लुळं पडू शकतं आणि बरं व्हायला आठवडे लागतात. ताण असतानाही उघडणारे पॅनिक हुक घ्या. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री आमच्याकडे बाकाच्या पायालाच लटकते, शेजारी चार्जिंगची बॅटरी. पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही.

दारू प्यायली असेल तर त्या दिवशी बंद. बांधलेल्या माणसाला सोडून खोलीबाहेर जायचं नाही, दारावरची बेल वाजली तरी. काय चालेल, काय नाही हे आधी चहा पिताना बोलून घेतो. मध्येच थांबवायचे शब्दही ठरलेले: 'पिवळा' म्हणजे हळू, 'लाल' म्हणजे संपलं. तोंड बंद असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा, तो खाली पडला की थांबायचं. काल चाललं म्हणून आज चालेलच असं नाही, आणि 'नको' म्हटल्यावर रुसवा-फुगवा नाही.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा क्रॉस सुटा करून माळ्यावर जातो. बाक मात्र उचलता उचलत नाही, त्यावर गोधडी टाकून भागवावं लागतं. नवा घेणार असाल तर सुटा होणारा आणि गादी वेगळी निघणारा बघा.