वर्षाला किती झडपा बसवता, हे सांगणारे रुग्णालय

महाधमनीची झडप अरुंद झाल्यामुळे आईला जिना चढताना धाप लागू लागली होती. तिचे वय ८१ असल्याने, छाती न उघडता जांघेतील रक्तवाहिनीतून कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, नवी झडप बसवण्याचा सल्ला मिळाला. न्यू जर्सीतील आमच्या घराजवळच्या रुग्णालयातही हा उपचार होतो. मात्र वर्षाला असे किती उपचार होतात, हे दोनदा विचारूनही तिथे आकडा मिळाला नाही. तासाभराच्या अंतरावरील दुसऱ्या रुग्णालयातील समन्वयक परिचारिकेने तो पहिल्याच फोनवर सांगितला, दोनशेहून अधिक, आणि मृत्यू, पक्षाघात व पेसमेकर लागण्याचे प्रमाणही न मागता दिले. आम्ही तिथेच जायचे ठरवले.

आकड्याचा हा आग्रह उगाच नव्हता. अमेरिकेतील ५५५ रुग्णालयांमध्ये २०१५ ते २०१७ या काळात झालेल्या १ लाख १३ हजारांहून अधिक उपचारांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केला. त्यात जांघेतून झडप बसवल्यानंतर तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण, रुग्णांच्या प्रकृतीतील फरक हिशेबात धरूनही, सर्वांत कमी उपचार करणाऱ्या रुग्णालयांच्या गटात ३.१९ टक्के, तर सर्वांत जास्त करणाऱ्या गटात २.६६ टक्के आढळले. फरक अर्ध्या टक्क्याचा आहे आणि लहान रुग्णालय वाईटच असते, असे त्यावरून मुळीच म्हणता येत नाही. पण कमी उपचार करणाऱ्या रुग्णालयांची आपापसांतली तफावतही मोठी होती, त्यामुळे त्यांतले चांगले कोणते हे घरबसल्या ओळखणे अवघड जाते.

सरावाचा अर्थ आम्हाला झडप बसवल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री कळला. नव्या झडपेचा दाब शेजारच्या विद्युतवाहक तंतूंवर पडून आईच्या हृदयाचे ठोके मंदावले. परिचारिकेने पट्टीवरचा ठोक्यांचा आलेख पाहताच डॉक्टरांना बोलावले, हृदयाचे ठोके चालू ठेवणारी तात्पुरती पेसिंगची तार आणखी एक दिवस ठेवली गेली आणि कायमचा पेसमेकर टळला. त्या धावपळीतही कोणी गोंधळलेले दिसले नाही.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. संमतीपत्र समजावताना आधी हिंदी दुभाषी जोडून दिला, आम्ही हट्ट धरल्यावर फोनवर मराठी दुभाषी आली, तिने ‘अर्धांगवायू’ हा शब्द उच्चारला आणि तेव्हा कुठे आईने पहिला प्रश्न विचारला, “शंभरात किती जणांना होतो?”