जुनी दांडीची सायकल उभी करायचीय: आहे तशी ठेवायची की ७०० ची चाकं घालायची?

आमच्या सोप्यात दोन जुन्या सायकली उभ्या असतात. एक हिरवी अ‍ॅटलस, दांड्यांचे ब्रेक (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे), २८ इंची चाकं, मागं कॅरियर, सगळं जसं आलं तसं ठेवलेलं. दुसरीची नुसती हर्क्युलिसची फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा) भंगारातनं उचलला आणि त्यावर ७०० ची चाकं (हल्लीच्या बऱ्याच सायकलींना असतं ते माप), केबलचे ब्रेक, सिंगल स्पीड म्हणजे एकच गिअर, असं सगळं नव्यानं बसवलं. आता मामाच्या पोरानं कुठनं तरी एक गंजकी फ्रेम आणलीय आणि रोज विचारतोय, दादा कुठलं करू, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

पहिलं पैशाचं, कारण सगळे तिथंच फसतात. फ्रेम कधीच महाग नसते. माझी ७०० रुपयाला आली, घासाघीस केली असती तर पाचशेला पण दिली असती. खरा पैसा चाकं खातात. अ‍ॅटलस एका दूधवाल्या मामांकडनं १५०० ला घेतली आणि तिचं ओव्हरऑइलिंग, म्हणजे छर्रे, कोन, चेन, फ्रीव्हील (मागची दातेरी चक्री), टायर-ट्यूब, ब्रेकचे गुटके, हे सगळं धरून साडेतीन हजाराच्या आत गाडी रस्त्यावर आली. हर्क्युलिसला फ्रेम सोडून साडेआठ हजार गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त रिम, हब (चाकाच्या मधला तुंबा), तारा, टायर आणि चाक बांधणाऱ्याची मजुरी यातच. त्यामुळं 'फ्रेम स्वस्तात गावली' म्हणून हुरळून जाऊ नका, तो हिशोबातला सगळ्यात छोटा आकडा आहे.

आता चाकं बदलायची म्हणजे नेमकं काय बदलतं ते बघा. जुन्या २८ च्या रिमचा टायर जिथं बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर, ७०० चा ६२२. फरक १३ चा, म्हणजे रिम सगळीकडनं साडेसहा मिलिमीटर आत जाते. ऐकायला काहीच नाही, पण त्यात ब्रेकची सगळी गणितं मोडतात. दांड्यांच्या ब्रेकचे गुटके रिमला बाजूनं धरतच नाहीत, ते हबकडच्या आतल्या अंगाला वर ओढून घासतात, आणि ७०० च्या रिमला तिथं घासायला सपाट जागाच नसते. मग दांड्या काढा, केबलचे ब्रेक लावा, आणि तेही लांब हातांचे, कारण या फ्रेममध्ये चाक आणि चिमट्याच्या डोक्यात मोकळी जागा लई असते आणि साधा ब्रेक रिमपर्यंत पोचतच नाही. चिमट्याच्या डोक्यात ब्रेकच्या बोल्टचं भोक आरपार आहे का ते फ्रेम घेतानाच बघायचं. दुसरं म्हणजे बारीक टायर घातला की पायडल जमिनीकडं खाली येतं, वळणावर टेकायची भीती. ३८ मिलिमीटरच्या आसपासचा जाड टायर घाला, दिसायलाही बरा दिसतो.

मी केलेला येडेपणा पण सांगतो. पैसे वाचवायचे म्हणून जुनेच हब ठेवायचं ठरवलं आणि रिमा आधी आणून मोकळा झालो. घरी येऊन भोकं मोजली तर जुना पुढचा हब ३२ चा, मागचा ४० चा, आणि नव्या रिमा दोन्ही ३६ च्या. सहा महिने त्या रिमा माळ्यावर पडून होत्या, शेवटी हब पण नवे घेतले. दुकानात जायच्या आधी तारा मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

नवा मागचा हब घेतला की तो मागच्या चिमट्यात बसत नाही हा पुढचा खेळ. जुन्या फ्रेमला आतनं ११० मिलिमीटरची जागा, नवा सिंगल स्पीडचा हब १२० चा. स्टीलचा इथंच फायदा, ते ताणता येतं, अॅल्युमिनियमला असलं काही करायचं नाही. पण दोन्ही बाजू सारख्या ताणल्या पाहिजेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी बघितलंय, त्यांनी दोरा घेतला, हँडलच्या नळीवरनं दोन्ही बाजूंनी मागच्या खाचांपर्यंत ओढून बांधला आणि सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडं मोजलं. डावीकडं तीन मिलिमीटर जास्त होतं. मग तेवढीच एक बाजू हळूहळू दाबत परत परत मोजत बसले, घाई अजिबात नाही.

कॉटर पिनेचा, म्हणजे पायडलचा क्रँक धुऱ्याला घट्ट धरणाऱ्या पाचरीचा, त्रास दोन्हीकडं सारखाच. वीस-तीस वर्षांची बसलेली पिन हातोड्यानं डायरेक्ट ठोकली की आटे चपटे होतात आणि मग ड्रिल मारण्याशिवाय गत नाही. रात्रभर डिझेल सोडून ठेवायचं, सकाळी क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवायचा म्हणजे ठोका पिनेलाच बसतो, छर्ऱ्यांना नाही, नट आट्यांच्या टोकापर्यंत चढवून ठेवायचा आणि एकच दणका. फ्रेम नॉटिंगहॅमची अस्सल रॅले निघाली तर मात्र पायडलच्या खोक्यातले (क्रँकचा धुरा फिरतो तिथले) कप फेकून देऊ नका, तिचे आटे इंचाला २६, बाकी बहुतेकांचे २४, बाजारातला कप त्यात बसणार नाही.

चालवायला दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं मी म्हणणार नाही. रंकाळ्याला चक्कर, लक्ष्मीपुरीतनं बाजार, याला अ‍ॅटलस लई भारी, सरळ बसून चालतेय, पोतं पण बसतंय. चाकाला थोडा आउट आला, म्हणजे ते जरा वाकडं फिरायला लागलं, तरी दांड्यांचा ब्रेक कुरकुरत नाही, केबलचा लगेच घासायला लागतो. पण जुलैतला आपला पाऊस लागला की स्टीलच्या चकचकीत रिमवर गुटके नुसते घसरतात, गाडी थांबता थांबत नाही. अॅल्युमिनियमची रिम ओली असली तरी पुष्कळ बरी पकडते. वाघबीळवरनं उतरताना एकदा हे अनुभवलं आणि तेव्हापासून अ‍ॅटलस पन्हाळ्याला नेली नाही.

चढाचं औषध मात्र चाकात नाही, फ्रीव्हीलमध्ये आहे आणि ते स्वस्त आहे. पुढं ४४ दाती, मागं १८ असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास जाते. मागं २२ टाकली की साडेचारच्या आत, म्हणजे चढाला तेवढंच हलकं. जुन्या सायकलीवर पण हे होतं, चेनच्या दोन-तीन कड्या वाढवाव्या लागतील एवढंच.

गिअर लावू का असंही पोरगं विचारतंय. नको. डिरेलरचा (चेन एका चक्रीवरनं दुसरीवर ढकलणाऱ्या गिअरचा) हब १३० किंवा १३५ चा, फ्रेम अजून ताणा, गिअर अडकवायला पट्टी लावा, एवढ्या पैशात सेकंड हँड गिअरवाली मिळते.

त्याच्या फ्रेमचं म्हणाल तर काल उलटी करून हलवली, सीटच्या नळीतनं ओंजळभर गंजाचं पाणी आलं. सांधे पितळेनं जोडलेले, ते शाबूत आहेत, पण रंगाखाली कुणीतरी पुट्टी भरलीय का बघायला लोहचुंबक फिरवला तर खालच्या नळीवर एका जागी चिकटेना. तिथं खरवडून बघेपर्यंत एक रुपया पण घालायचा नाही असं त्याला सांगितलंय. आत नळी चांगली निघाली तर चाकं बदलायची, कारण त्याला शिरोलीला कामाला जायचंय, पावसात पण, हायवेवरनं. आणि नळी गंजानं खाल्लेली निघाली तर त्यानं दुसरी फ्रेम शोधावी.