तयार ‘इमर्जन्सी बॅग’ की मंगळ बाजारातली सॅक? बडोद्याच्या पुरासाठी

ऑनलाइन तीन-साडेतीन हजारांना मिळणाऱ्या तयार बॅगेत साधारण हे निघतं: चंदेरी पन्नीची चादर, चकमक, होकायंत्र, तारेची करवत, शिट्टी, छोटा टॉर्च आणि मलमपट्टीची डबी. डोंगरात थंडीने कुडकुडणाऱ्याला ठीक आहे. बडोद्यात संकट येतं ते विश्वामित्री नदीचं. ऑगस्ट 2024 मध्ये काळा घोडा पुलापाशी ती 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. अशा वेळी माणूस रस्ता चुकत नाही, वरच्या मजल्यावर अडकून पडतो. होकायंत्राने काय गच्ची शोधायची?

त्या बॅगेतली शिट्टी तेवढी चांगली. टॉर्च हातात धरायचा असतो, आणि जिना उतरताना एका हातात मूल, दुसऱ्यात कठडा असतो. कपाळाला बांधायचा टॉर्च अडीचशेपर्यंत येतो. सेल बाहेर काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर पाझरून स्प्रिंग गंजवतात. पाणी ओसरल्यावरही अंधारात उजेड टाकल्याशिवाय खालच्या पायरीवर पाय ठेवू नये, नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरतात.

बडोद्याच्या मंगळ बाजारात साधी सॅक चार-साडेचारशेला मिळते. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका, कारण पाणी शिलाईतून आणि चेनमधून शिरतं. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड पिळून दुमडा आणि वर रबर लावा. नुसती गाठ मारली तर पाणी हळूहळू झिरपतं. कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि रोजची औषधं त्यातही वेगळ्या झिप-पिशवीत. रोख रक्कम दहा, वीस, पन्नासच्या नोटांत हवी. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी संपते आणि यूपीआय बसतं.

पाण्यात सगळे चुकतात. माणशी दिवसाला तीन लिटर धरलं तर चौघांचं तीन दिवसांचं 36 लिटर, म्हणजे 36 किलो. ते पाठीवर येत नाही. सॅकमध्ये दोन बाटल्या, बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये आधीच वर चढवून ठेवायचं. क्लोरीनच्या गोळ्या टाकीतल्या किंवा पावसाच्या पाण्यासाठी, पुराच्या पाण्यासाठी नव्हेत. त्यातलं गटाराचं आणि रसायनांचं पाणी गोळीने शुद्ध होत नाही. पाणी गढूळ असेल तर चौपदरी सुती कापडातून गाळून मगच गोळी टाका, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. मग अर्धा तास थांबा. किती लिटरला एक गोळी, ते पाकिटावर पाहा. ओआरएसची चार पाकिटं; मोठं पाकीट पूर्ण एका लिटरला, ग्लासभर पाण्यात नाही.

खायला खाकरा, चिक्की, भाजलेले चणे. बडोद्याचा लीला चिवडा कितीही आवडता असला तरी ओलसर, टिकत नाही. खारी शेव तहान वाढवते.

दहा मीटर नायलॉनची दोरी, बीटाडीन, गॉज, क्रेप बँडेज धरून सगळं सोळाशेच्या आसपास. पॉवर बँक घरातलीच घ्या: 10000 एमएएचमधून फोनला प्रत्यक्षात साडेसहा हजारच मिळतात, म्हणजे एक सव्वा चार्ज. फोन बंद पडेल म्हणून 112, 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 कागदावर लिहून टाका.

तारखा मृग लागायच्या आधी तपासा. क्लोरीनच्या गोळीची पट्टी फाटलेली असेल तर मुदत शिल्लक असली तरी फेका, ओल लागून ती निकामी झालेली असते.