भूमिगत स्वयंचलित वाहनतळ की खड्ड्याचे पझल पार्किंग? दोन्हींत राहून पाहिल्यानंतर

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि पुढचे २२ महिने, ११-११ महिन्यांच्या दोन करारांवर, मी दोन भाड्याच्या घरांत काढले. पहिले घर घोडबंदर रस्त्यावर होते. तिथे गाड्या जमिनीखालच्या तीन मजल्यांवर पूर्णपणे स्वयंचलित यंत्रणेने ठेवल्या जात. दुसरे नौपाड्यात होते आणि तिथे खाली खड्डा, मध्ये जमीन व वर एक थर असे पझल पार्किंग होते, म्हणजे गाड्या ज्यांवर उभ्या असतात ती पॅलेट (फळ्या) कोड्यातल्या तुकड्यांसारखी वर-खाली आणि बाजूला सरकवून हवी ती गाडी जमिनीवर आणायची. विकासकाने सुधारित आराखड्यात आमच्यासमोर नेमके हेच दोन पर्याय ठेवले, हा योगायोग. रॅम्पच्या तळघराचा विचार आधीच बाद झाला होता, कारण साडेतीन मीटर खाली उतरायचे तर दहास एक या उताराने ३५ मीटरांचा रॅम्प लागतो आणि आमचा भूखंड तेवढा लांब नाही.

जमिनीखाली गाड्या आणि वर मोकळी जागा ही कल्पना ठाणेकरांना गावदेवी मैदानामुळे परिचित आहे. स्वयंचलित यंत्रणेत तिला आणखी टोक येते. गाडी एका केबिनमध्ये उभी करायची, उतरायचे, कार्ड लावायचे आणि घरी जायचे. आत माणूस राहिलेला नाही याची खात्री सेन्सर करून घेतात, मग लिफ्ट गाडीला खाली नेते आणि रुळांवरून धावणारी शटल तिला रिकाम्या खान्यात सरकवते. खाली इंजिन सुरू नसते, त्यामुळे धूर नाही. कोणी चालत जात नाही, त्यामुळे ओरखडे नाहीत, चोरी नाही आणि रात्री उशिरा परतणाऱ्या मुलीला निर्जन तळघरातून एकटीने यावे लागत नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने त्याचे वजन कमी होत नाही.

सकाळची रांग हा या यंत्रणेवरचा नेहमीचा आक्षेप आहे. आमच्याकडे एक गाडी वर यायला माझ्या अंदाजाने तीन मिनिटे लागत आणि लिफ्ट एकच असल्यामुळे पावणेनऊला आठ जण पुढे असले की मुकाट्याने वर्तमानपत्र उघडावे लागे. तरीही रांगेची सवय होते. माणूस दहा मिनिटे आधी निघायला शिकतो. मला सवय झाली नाही ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती ऐकून आमच्या समितीतले काही सभासद हसलेही होते. ती गोष्ट म्हणजे गाडीत विसरलेली वस्तू.

आपल्याकडे गाडी म्हणजे घराचेच एक कपाट असते. त्यात छत्री असते, विम्याचे कागद असतात, आईचा जादा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट असते. या यंत्रणेत गाडी एकदा खाली गेली की ते कपाट बंद होते, आणि त्यातली एक गोळी हवी असली तरी दीड टनाचे अख्खे कपाट जमिनीखालून वर मागवावे लागते. गणेश चतुर्थीच्या पहाटे मी जांभळी नाक्यावरून फुले घेऊन आलो, गाडी केबिनमध्ये सोडली आणि वर गेल्यावर लक्षात आले की दुर्वांची जुडी आणि जास्वंदी मागच्या सीटवरच राहिल्या आहेत. खाली आलो तर मूर्ती आणायला निघालेल्यांची रांग लागलेली. त्यात उभे राहून माझा क्रमांक आला, गाडी वर आली, मी दार उघडून जुडी काढली आणि गाडी पुन्हा खाली पाठवली. एका जुडीसाठी लिफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या आणि मागे उभे असलेले शेजारी सणाचा दिवस म्हणून काही बोलले नाहीत. गुरुजी वर पाऊण तास ताटकळले. त्यानंतर मी काही विसरलो की ते सकाळपर्यंत विसरलेलेच राहू देऊ लागलो. गोळ्यांच्या बाबतीत मात्र ते शक्य नसते.

पझल पार्किंगमध्येही गाडी पॅलेटवरच असते आणि वरच्या किंवा खड्ड्यातल्या थरातली गाडी जमिनीवर आणावीच लागते, हे खरे. पण तिथे एक संच लहान असतो. चार रकाने आणि तीन थर म्हणजे १२ जागा. मधल्या थरातील पॅलेट सरकण्यासाठी एक जागा मोकळी ठेवली की ११ गाड्या. आमच्या ४४ गाड्यांसाठी असे चार स्वतंत्र संच बसतात, म्हणजे रांगही चार ठिकाणी विभागली जाते आणि एखादा बंद पडला तर ११ गाड्या अडकतात, ४४ नव्हे. गाडी डोळ्यांसमोर दिसते आणि नौपाड्यातील माझ्या अनुभवात विसरलेली पिशवी दोन मिनिटांत हातात येत असे. जमिनीच्या थरातली गाडी असेल तर बहुतेक वेळा फक्त फाटक उघडावे लागे.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. साखळ्यांचा आवाज पहिल्या मजल्यावर रात्री ऐकू येतो. पावसाळ्यात वरच्या गाडीचे पाणी आणि कधी ग्रीसचा थेंब खालच्या गाडीच्या बॉनेटवर पडतो. उंच एसयूव्ही प्रत्येक थरात मावत नाही, तेव्हा कोणाला कोणता थर हे आराखड्याच्या वेळीच ठरवून घ्यावे, नंतर त्यावरून भांडणे होतात. विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंग दोन्ही पद्धतींत, पॅलेट हलते म्हणून, आधीच योजावे लागते. आणि खड्डा म्हटले की पाणी आलेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता, आणि ज्यांनी तो दिवस या पट्ट्यात काढला आहे त्यांना खड्ड्यातली गाडी म्हटले की पोटात गोळा येतो. पण तीन मजले खोल तळघराला हीच भीती तिप्पट असते, एवढेच मी नम्रपणे म्हणेन.

सार्वजनिक वाहनतळासाठी मात्र माझे मत वेगळे आहे. मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावर २४० गाड्यांचा २१ मजली स्वयंचलित वाहनतळ उभारला गेला. तो जमिनीवर आहे, तरी तत्त्व तेच. तिथे येणारा माणूस गाडी ठेवून कामाला जातो, तिच्यात परत डोकावत नाही. स्थानकाजवळ भूमिगत यंत्रणा झाली तर मी आनंदाने वापरीन. ज्यांची गाडी शनिवार-रविवारीच निघते आणि ज्यांच्या घरी वृद्ध माणूस नाही, त्यांनाही ती कदाचित अधिक मानवेल.

आमच्या विशेष सर्वसाधारण सभेत पझलचा ठराव मंजूर झाला. खड्ड्याला दोन पंप हवेत, त्यांतला एक जनरेटरवर चालणारा हवा आणि खड्ड्यातील जागा ठरावीक मुदतीने आळीपाळीने बदलाव्यात, या तीन अटी मी त्यात हाताने लिहून घातल्या.