हिलक्स, बोलेरो कॅम्पर की लोडिंग पिकअप? हौद्यात केबिन ठेवायची तर

पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवायची-उतरवायची कॅम्पर केबिन, म्हणजे प्रवासात झोपायची छोटी खोली, म्हटली की बेळगावात चर्चा टोयोटाच्या हिलक्स पिकअपपासूनच सुरू होते. २.८ लिटर डिझेल, २०४ अश्वशक्ती, फोर बाय फोर. कणकुंबीच्या पावसात, जांबोटीच्या आतल्या लाल चिखलात तिला तोड नाही, मान्य. पण आपल्याकडच्या हिलक्सचा पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन, पाचशे किलोच्या आत आहे, आणि बसणाऱ्यांचं वजनही त्यातच धरायचं.

जरा हिशोब मांडा. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पातळ प्लाय वापरून हात आखडून केलेली केबिनही तीनशे-साडेतीनशे किलोवर जाते. शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास. बॅटरी, गाद्या, दोन माणसं. झाली हद्द पार! इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचं दुखणंही हेच. अशा गाडीवर छतावरचा तंबू शोभतो, केबिन नाही.

वजनाच्या बाबतीत खरी राणी लोडिंग पिकअपच. बोलेरो मॅक्स पिकअपचं एचडी १.७ मॉडेल १.७ टन उचलतं, टाटा योद्धा २.० तर दोन टन. हौदा नऊ फुटांच्या घरात, त्यामुळे आत सरळ पाय पसरून झोपता येतं. रिकामी असताना मागच्या स्प्रिंगचे कडक पाटे कंबर मोडतात. केबिन बसली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. कटकट आहे ती कागदांची. व्यावसायिक गाडीची पिवळी पाटी, फिटनेस, आणि एकूण वजन तीन टनांवर म्हणून परमिट. आपल्याकडे चंदगडला गेलं की महाराष्ट्र आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा, त्यामुळे हे आधी आरटीओत विचारून घ्या. गाडी चालू असताना मागं केबिनमध्ये कुणाला बसवायचं नाही.

मुलं असतील तर बोलेरो कॅम्पर बघा, नावात कॅम्पर असलं तरी ती पिकअपच: पाच जणांची जागा आणि टनभर पेलोड. मात्र हौदा पाच फुटांहून कमी, म्हणून केबिन मागं लोंबते. खरी मेख इथंच आहे. केबिनचा भार मागच्या ॲक्सलच्या पुढं पडला पाहिजे. तो मागं गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि चोर्ल्याच्या वळणावर स्टेअरिंग पोकळ लागतं. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी पुढच्या, ड्रायव्हरकडच्या भिंतीला चिकटून खाली घ्या, मागच्या फाळक्याकडे फक्त कपडे.

उद्यमबागेत फॅब्रिकेटरकडे जाताना गाडीच घेऊन जा, कागदावरचं माप नको. केबिन उतरवून उभी करायचे जॅकचे पाय मागच्या चाकांच्या बाहेर पडायला हवेत, नाहीतर गाडी खालून निघणारच नाही. आणि केबिन तयार झाली की पाणी भरून काटा करा. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. एकदा पूर्ण गाडी, मग नुसती मागची चाकं काट्यावर.

दोघंच फिरणार असाल तर माझं मत बोलेरो पिकअपला. योद्धाचं इंजिन जास्त दमदार, पण खानापूरच्या पलीकडे गाडी अडली तर बोलेरोचा मिस्त्री आधी सापडतो.